७७७ नंतरचे सहा आठवडे: एका लॉग डिरेक्टरीच्या परवानग्यांचं प्रकरण

पार्श्वभूमी

औषधांचा घाऊक व्यापार करणारी पुणे परिसरातली एक कंपनी. ऑर्डर, बिलं, स्टॉक, उधारी असं सगळं एका जावा अ‍ॅप्लिकेशनवर चालतं. अ‍ॅप टॉमकॅट ९ (जावा प्रोग्राम चालवणारा सर्व्हर) वर, टॉमकॅट अल्मालिनक्स ९ (लिनक्सचा एक प्रकार) च्या सर्व्हरवर आणि त्याच सर्व्हरवर मारियाडीबी हा डेटाबेस. ओळख पटेल असे तपशील इथे गाळले आहेत.

टॉमकॅट डिस्ट्रोच्या पॅकेजमधून आलेला नव्हता. टारबॉल (फाइलींचा एकत्र गठ्ठा) उलगडून /ऑप्ट खाली बसवलेला, आणि सिस्टिमडीचं (सर्व्हरवरच्या सेवा चालू-बंद करणाऱ्या प्रोग्रामचं) सर्व्हिस युनिट हाताने लिहिलेलं. ते युनिट स्टार्टअप.एसएच चालवायचं आणि प्रोसेस "टॉमकॅट" नावाच्या साध्या युजरच्या हक्काने चालायची. लॉग /व्हार/लॉग/बिलिंग मध्ये जात. डिरेक्टरीचा मालक टॉमकॅट, गट टॉमकॅट, परवानगी ७५० (मालकाला सगळे हक्क, गटाला फक्त शिरणं आणि वाचणं, इतरांना काहीच नाही). इथपर्यंत रचना चांगली होती. खटकणारी एकच गोष्ट, /व्हार हे एकच पार्टिशन आणि त्यातच लॉग, त्यातच डेटाबेस.

दिवसा कंपनीचा सिनियर अ‍ॅडमिन, रात्री सपोर्टचा एक मुलगा, शिवाय अ‍ॅप बनवणाऱ्या वेंडरचे डेव्हलपर. सपोर्ट आणि डेव्हलपर दोघांकडेही पूर्ण सूडो, म्हणजे रूटच्या (सर्वाधिकारी युजरच्या) हक्काने कुठलीही आज्ञा चालवायची मुभा. आम्ही बाहेरून सर्व्हरची देखभाल करणारे. आमच्याकडे फोन आला तो गोष्ट शेवटच्या टप्प्यात आल्यावर.

अडचण

महिनाअखेरीची संध्याकाळ. काउंटरवरून तक्रार आली की बिल सेव्ह होत नाही. एरर येत नव्हती, स्क्रीनवर चक्र फिरत राहायचं. वाचण्याची कामं, म्हणजे जुनं बिल उघडणं किंवा स्टॉक बघणं, नीट चालू होती. त्यामुळे पहिला संशय डेटाबेसवर गेला. कुठेतरी लॉक अडकलंय, असं समजून अडकलेल्या क्वेरी मारण्यात बराच वेळ गेला. मारल्या की पुन्हा साचायच्या.

मारियाडीबीच्या एरर लॉगमध्ये कारण स्वच्छ लिहिलेलं होतं. बायनरी लॉग लिहिताना डिस्क भरली, एररकोड २८, कोणीतरी जागा मोकळी करण्याची वाट बघतोय. डेटाबेस अशा वेळी कोसळत नाही, थांबून राहतो आणि अधूनमधून पुन्हा लिहून बघतो. बाहेरून ते लॉक अडकल्यासारखंच दिसतं.

"डीएफ" (डिस्क किती भरली ते सांगणारी आज्ञा) चालवलं तर /व्हार शंभर टक्के. रात्रपाळीचा मुलगा लवकर आलेला होता. त्याने शोध घेतला, कॅटालिना.आउट ही टॉमकॅटच्या लॉगची एकच फाइल राक्षसी झालेली दिसली, आणि त्याने ती "आरएम" करून टाकली. "डीएफ" पुन्हा शंभर टक्केच. मग फोन.

"सर, फाइल उडवली तरी जागा सुटत नाहीये."

"थांब. आता काहीच उडवू नकोस. टॉमकॅट रीस्टार्टही करू नकोस."

तपास

जागा का सुटली नाही, हे कोडं सोपं होतं. लिनक्समध्ये फाइलचं नाव डिरेक्टरीत असतं आणि मजकूर दुसरीकडे, आयनोड या अंतर्गत नोंदीच्या ताब्यात. "आरएम" फक्त नाव काढतं. एखाद्या प्रोसेसने ती फाइल उघडून धरली असेल तर ती सोडेपर्यंत मजकूर डिस्कवर राहतो. म्हणून फाइलींचे आकार मोजणारं "डीयू" कमी आकडा सांगतं आणि "डीएफ" भरलेलंच दाखवतं. दोघांत मोठी तफावत दिसली की "एलएसओएफ +एल१" चालवायचं. नाव नसलेल्या पण उघड्या असलेल्या फाइली ते दाखवतं. इथे टॉमकॅटची जावा प्रोसेस कॅटालिना.आउट धरून बसलेली होती.

खरा प्रश्न निराळा होता. जुने लॉग बाजूला करून नवे सुरू करणारं लॉगरोटेट रोज चालतं, मग ही फाइल एवढी वाढली कशी?

अल्मालिनक्स ९ वर लॉगरोटेट सिस्टिमडीच्या टायमरवर चालतं. "सिस्टिमसीटीएल --फेल्ड" म्हटल्यावर लॉगरोटेट.सर्व्हिस लाल अक्षरांत समोर आलं. जर्नलमध्ये (सिस्टिमडीच्या स्वतःच्या लॉगमध्ये) दर दिवशी तोच संदेश होता: मूळ डिरेक्टरीच्या परवानग्या असुरक्षित आहेत, ती सगळ्यांना किंवा रूटखेरीज दुसऱ्या गटाला लिहिण्याजोगी आहे, म्हणून ही फाइल वगळतोय. बिलिंगच्या लॉगसाठी होता तसाच मेसेजेस, सिक्युअर, क्रॉन या सगळ्यांसाठीही होता. म्हणजे फक्त बिलिंगची डिरेक्टरी बिघडली नव्हती, अख्खं /व्हार/लॉग बिघडलं होतं. "एलएस -एलडी" ने ते पक्कं केलं. /व्हार/लॉग ७७७, आणि त्याखालचं सगळं ७७७, म्हणजे कोणालाही वाचता, लिहिता आणि चालवता येणारं.

लॉगरोटेट इतकं सोवळं का पाळतं, हा प्रश्न तिथे लगेच आला, आणि तो रास्त आहे. लॉगरोटेट रूट म्हणून चालतं. ते फाइलचं नाव बदलतं, नवी फाइल बनवतं, तिचा मालक ठरवतं. डिरेक्टरीत कोणालाही लिहिता येत असेल, तर नेमक्या त्या क्षणी लॉगच्या नावाने दुसऱ्याच फाइलकडे बोट दाखवणारी सिमलिंक ठेवता येते, आणि रूट त्या दुसऱ्या फाइलवर काम करून बसतो. ही भीती पुस्तकी नाही. २०१६ साली डेबियनच्या टॉमकॅट पॅकेजमध्ये याच जातीचा दोष सापडला, सीव्हीई-२०१६-१२४०. तिथली सुरुवातीची स्क्रिप्ट रूट म्हणून कॅटालिना.आउटचा मालक बदलायची. टॉमकॅट युजरचा ताबा मिळालेल्याने त्या जागी सिमलिंक ठेवली की पुढच्या रीस्टार्टला त्याला हवी ती फाइल त्याच्या मालकीची. त्याच वर्षी डेबियनच्या एनजिनएक्स पॅकेजचाही लॉग डिरेक्टरीवरून असाच दोष निघाला.

आता ७७७ कोणी केलं? बॅश हिस्टरी आणि पाळीच्या नोंदवहीवरून क्रम जुळला.

सहा आठवड्यांपूर्वी एका रात्री कॅटालिना.आउट उघडायला जड जात होती, म्हणून सपोर्टने ती "एमव्ही" करून बाजूला ठेवली. मग टॉमकॅट थांबवून "सूडो" लावून थेट स्टार्टअप.एसएच चालवलं. सिस्टिमडीला बगल मिळाली आणि टॉमकॅट रूट म्हणून उठला. कॅटालिना.आउट जागेवर नव्हती, ती नव्याने बनली. टॉमकॅटच्या स्क्रिप्टमध्ये युमास्क (नव्या फाइलींवर कोणते हक्क नकोत ते) ००२७ असतो, म्हणून नवी फाइल झाली ६४० (मालकाला वाचणं-लिहिणं, गटाला फक्त वाचणं), मालक रूट, गट रूट. अ‍ॅप मात्र मस्त चालत होतं. रूटला कोण अडवणार?

जुनी फाइल जागेवर असती तर हे झालंच नसतं. रूटने असलेल्या फाइलीत भर घातली तर मालक बदलत नाही. "एमव्ही" आणि "सूडो स्टार्टअप" या दोन निरुपद्रवी गोष्टी एकापाठोपाठ आल्या म्हणून घात झाला.

दोन-तीन दिवसांनी पॅचिंगसाठी सर्व्हर रीबूट केला. आता सिस्टिमडीने टॉमकॅट युजर म्हणून सुरुवात करायचा प्रयत्न केला. स्क्रिप्ट कॅटालिना.आउटमध्ये आउटपुट वळवायला गेली, "परमिशन डिनाइड" आलं, आणि वळवणंच फसल्यामुळे शेलने जावा सुरूच केली नाही. सकाळी काउंटर उघडायच्या वेळेला अ‍ॅप बंद. एका डेव्हलपरने परवानगीची एरर वाचली आणि "सीएचमॉड -आर ७७७ /व्हार/लॉग" ठोकलं. मागे /बिलिंग टाकायचं राहून गेलं की मुद्दाम सोडलं, ते आता सांगता येत नाही. अ‍ॅप उठलं, सगळे कामाला लागले. नोंदवहीत एकच ओळ आहे: "लॉग परमिशन इश्यू, सॉल्व्ह्ड".

त्या सकाळची गंमत बघण्यासारखी आहे. डिरेक्टरी टॉमकॅटच्याच मालकीची होती, तिच्यात लिहायचा हक्क त्याला होता. फाइल पुसणं आणि तिचं नाव बदलणं हे डिरेक्टरीच्या हक्कावर चालतं, फाइलच्या नाही. डिरेक्टरी हा हजेरीपट आहे. पट ज्याच्या हातात, तो त्यातलं कुठलंही नाव खोडू शकतो, मग ते नाव कोणाचंही असो. म्हणजे टॉमकॅट युजर ती रूटची फाइल उडवू शकत होता, पण तिच्यात एक ओळ लिहू शकत नव्हता. एका फाइलवर एक "सीएचओन" (मालक बदलणारी आज्ञा), किंवा ती फाइल बाजूला करून सिस्टिमडीतून सुरुवात, एवढ्यात काम झालं असतं.

पर्याय

त्या संध्याकाळी दोन वेगळे निर्णय घ्यायचे होते. जागा कशी मोकळी करायची हा तातडीचा, आणि परवानग्या कशा लावायच्या हा सावकाशीचा. दोन्ही एकाच दमात उरकायचा मोह होता, तो टाळला.

जागेसाठी सगळ्यात जलद मार्ग टॉमकॅट रीस्टार्ट करण्याचा. धरलेली फाइल सुटली असती, जागा मिळाली असती. पण त्याबरोबर त्या सहा आठवड्यांचा लॉगही कायमचा गेला असता. सर्ट-इनच्या (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे कंपन्यांना आपल्या प्रणालींचे लॉग १८० दिवस सुरक्षित ठेवावे लागतात. शिवाय औषधांच्या बिलांवरून एका स्टॉकिस्टशी वाद चालू होता आणि त्यातल्या काही नोंदी या लॉगमध्येच होत्या. मालक म्हणत होते, "बिलं आधी चालू करा, बाकी नंतर बघू." त्यांचंही बरोबर होतं.

मधला मार्ग असा निघाला. आधी दुसरीकडून थोडी जागा काढायची, म्हणजे डेटाबेस श्वास घेईल. मग नाव गेलेली फाइल /प्रॉक (चालू प्रोसेसांची माहिती दाखवणारी डिरेक्टरी) मधून, त्या प्रोसेसच्या फाइल डिस्क्रिप्टरमार्फत (उघड्या फाइलीच्या क्रमांकामार्फत) वाचून दुसऱ्या मशीनवर उतरवायची. त्यानंतरच ती रिकामी करायची. प्रोसेस जिवंत आहे तोवर हे शक्य असतं. म्हणून तर फोनवर पहिलं वाक्य "रीस्टार्ट करू नकोस" हे होतं.

परवानग्यांबाबत टेबलावर बऱ्याच सूचना आल्या.

वेंडरच्या डेव्हलपरचं म्हणणं, ७७७ राहू द्या आणि लॉगरोटेटच्या मुख्य कॉन्फिगमध्ये "एसयू" (रोटेशन कोणाच्या हक्काने करायचं ते सांगणारी) ही ओळ टाका, म्हणजे त्याची कुरकुर थांबेल. ती खरोखर थांबते. "एसयू" दिलं की लॉगरोटेट ती तपासणी करतच नाही. उबुंटूच्या मुख्य कॉन्फिगमध्ये ही ओळ आधीपासून असते, कारण तिथे /व्हार/लॉग चा गट सिसलॉग असतो आणि त्या गटाला लिहिता येतं. तोच प्रकार उबुंटूवर झाला असता तर रोटेशन बहुधा चालूच राहिलं असतं, डिस्क भरली नसती आणि ७७७ वर्षानुवर्षं कोणाच्या लक्षात आलं नसतं. माझ्या मते ते जास्त वाईट. सिक्युअर लॉगमध्ये कोण कधी लॉगिन झालं याची नोंद असते. ती कोणालाही वाचता आणि खोडता येत असेल तर तिला पुरावा कसं म्हणायचं?

दुसरी सूचना एसईलिनक्स (साध्या परवानग्यांवरचा लिनक्सचा आणखी एक पहारा) बंद करण्याची. ती प्रत्येक वेळी येतेच. "परमिशन डिनाइड" साध्या परवानगीमुळेही येतं आणि एसईलिनक्समुळेही. अक्षरं तीच, म्हणून लोक गोंधळतात. भेद करायला "एयूसर्च -एम एव्हीसी" पुरतं. नकाराची नोंद तिथे नसेल तर एसईलिनक्सला दोष देऊ नये. आमच्याकडे त्या वेळेची एकही नोंद नव्हती, विषय तिथेच संपला.

खरी चर्चा झाली ती डेव्हलपरांना लॉग वाचता यावेत या गरजेवर. ही गरज खोटी नव्हती. ती भागवली नाही तर आज ना उद्या पुन्हा कोणीतरी ७७७ मारणार, हे सगळ्यांना कळत होतं. एक मार्ग सामाईक गटाचा, डिरेक्टरीवर सेटजिड (आत बनणाऱ्या फाइलींना डिरेक्टरीचाच गट देणारी खूण) लावून २७७०. पण मग गटाला लिहिण्याचा हक्क मिळतो आणि लॉगरोटेट पुन्हा अडतं. दुसरा मार्ग एसीएलचा, म्हणजे ठरावीक युजरला किंवा गटाला वेगळे हक्क देणाऱ्या यादीचा. डेव्हलपरांच्या गटाला डिरेक्टरीत शिरायचा आणि वाचायचा हक्क, आणि डीफॉल्ट एसीएल लावून पुढे बनणाऱ्या फाइलींवरही वाचण्याचा. एसीएलमध्ये एक मेख आहे. एसीएल लावली की "एलएस" मध्ये गटाच्या जागी दिसतो तो मास्क, म्हणजे अशा हक्कांची कमाल मर्यादा. एसीएलमधून कोणाला लिहिण्याचा हक्क दिला तर मास्कमध्ये लिहिण्याचा बिट चढतो, आणि लॉगरोटेट मास्ककडे बघूनच "गटाला लिहिता येतंय" असं समजून फाइल वगळतं. नुसतं वाचण्यापुरतं दिलं तर अडचण नाही.

तिसरा मार्ग फाइलच नको, सगळं जर्नलमध्ये जाऊ द्या. "कॅटालिना.एसएच रन" असं चालवलं की आउटपुट थेट जर्नलमध्ये जातं, कॅटालिना.आउटचा प्रश्नच मिटतो. सिनियर अ‍ॅडमिनला हा सगळ्यात आवडला, आम्हालाही. पण सपोर्टच्या सगळ्या सवयी आणि दोन रिपोर्ट त्या फाइलवर उभे होते. महिनाअखेरीला हे बदलायचं नाही, असं ठरलं.

केलेली कामं

डीएनएफचा (पॅकेज बसवणाऱ्या आज्ञेचा) कॅशे साफ केल्यावर /व्हार मध्ये काहीशे एमबी सुटले. मारियाडीबी स्वतःहून पुढे सरकली, तिला हात लावावा लागला नाही. काउंटरची बिलं सुरू झाली. त्या मोकळ्या झालेल्या अवधीत हरवलेला लॉग दाबून एसएसएचवरून बॅकअप मशीनवर उतरवला. शेवटच्या ओळी जुळतात का ते पाहिलं, आणि मग त्याच डिस्क्रिप्टरवर फाइल शून्य केली. टॉमकॅटची स्क्रिप्ट भर घालण्याच्या पद्धतीने लिहिते, त्यामुळे शून्य केल्यावर लिहिणं सुरुवातीपासून होतं. तसं नसतं तर प्रोसेसने जुन्याच अंतरावरून लिहिणं चालू ठेवलं असतं आणि फाइलच्या पुढच्या भागात नुसतं भोक राहिलं असतं.

परवानग्यांना हात लावायच्या आधी "गेटएफएसीएल -आर" ने /व्हार/लॉग ची आहे ती अवस्था एका फाइलमध्ये उतरवून ठेवली. चुकलंच तर "सेटएफएसीएल --रिस्टोअर" ने त्याच फाइलवरून मागे जाता येतं. अवस्था वाईट होती, तरी ठाऊक असलेली वाईट होती.

मग पूर्ववत करणं. आरपीएमला (बसवलेल्या पॅकेजांची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्रामला) आपल्या पॅकेजांच्या फाइलींच्या मूळ परवानग्या ठाऊक असतात. "आरपीएम -व्हीए" ने काय काय बदललंय ते दाखवलं आणि "--सेटपर्म्स" ने तेवढं परत बसवलं. "सिस्टिमडी-टेम्पफाइल्स --क्रिएट" ने /व्हार/लॉग ७५५ वर आणि बीटेम्प, डब्ल्यूटेम्प (लॉगिनच्या नोंदींच्या फाइली) आपापल्या जागी आणले. पण चालत्या सर्व्हरवर जन्मलेल्या फाइली आरपीएमला माहीत नसतात. त्यासाठी त्याच आवृत्तीच्या टेस्ट सर्व्हरवरून परवानगी, मालक, गट यांची यादी काढली, दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या आणि फरक एकेक करून मिटवला. टेस्टची यादी डोळे झाकून ओतली नाही, कारण टेस्टवर काही डिरेक्टरी नव्हत्याच आणि काही उगाच होत्या.

बिलिंगची डिरेक्टरी पुन्हा ७५०, मालकी सगळी टॉमकॅटकडे, डेव्हलपरांसाठी वाचण्याची एसीएल. टॉमकॅटच्या वर्क आणि टेम्प डिरेक्टरींतही रूटच्या मालकीच्या काही फाइली दडलेल्या निघाल्या, त्याही सोडवल्या. त्या राहिल्या असत्या तर पुढे एखाद्या डिप्लॉयमेंटला हाच खेळ दुसऱ्या मैदानावर झाला असता. पूर्ण वाट तपासायला "नेमआय -एल" वापरलं. मुळापासून फाइलपर्यंत प्रत्येक पायरीची परवानगी ते एकाखाली एक दाखवतं; मधल्याच डिरेक्टरीत शिरायचा हक्क नसेल तर ते तिथे लगेच दिसतं. शेवटी "सूडो -यू टॉमकॅट" म्हणून प्रत्यक्ष एक ओळ लिहून पाहिली.

लॉगरोटेटमध्ये "एसयू टॉमकॅट टॉमकॅट" टाकलं, पण फक्त बिलिंगच्या खंडात. त्या डिरेक्टरीचा मालक टॉमकॅट आहे, तर तिथलं रोटेशनही त्याच्याच हक्काने व्हावं, रूटने तिथे शिरायचं कारण नाही. कॉपीट्रंकेट (लॉगची नक्कल काढून मूळ फाइल रिकामी करण्याची पद्धत) ठेवावं लागलं, कारण कॅटालिना.आउट शेलने वळवलेली असते आणि टॉमकॅटला ती पुन्हा उघडायला सांगता येत नाही. नक्कल आणि रिकामं करणं यांच्या मधल्या क्षणातल्या काही ओळी यात हरवू शकतात. ते मान्य करून पुढे गेलो. "लॉगरोटेट -डी" ने कोरडी चाचणी, मग "-एफ -व्ही" ने खरी.

सिस्टिमडीच्या युनिटमध्ये "लॉग्जडिरेक्टरी" टाकायचं ठरलं, म्हणजे डिरेक्टरी नसेल तर योग्य मालकासकट बनते. यावर भिस्त किती ठेवायची हे मात्र समजून घ्यावं लागलं. डिरेक्टरीचा मालक चुकीचा असेल तर सिस्टिमडी आतल्या सगळ्या फाइलींचा मालक बदलतो. डिरेक्टरीचा मालक बरोबर असेल तर आत डोकावतच नाही. आमच्या प्रकरणात डिरेक्टरी बरोबर होती आणि आतली एकच फाइल रूटची होती. म्हणजे ही सोय आधीपासून असती तरी ती सकाळ वाचली नसती.

वाचली असती ती दुसऱ्या एका उपायाने, आणि तो अगदी साधा आहे. टॉमकॅटच्या बिन डिरेक्टरीतली सेटएन्व्ह.एसएच प्रत्येक सुरुवातीला वाचली जाते. तिच्यात दोन ओळी: युजर आयडी शून्य असेल तर "सिस्टिमसीटीएल वापरा" असं छापून बाहेर पड. जोडीला सपोर्टचा पूर्ण सूडो काढून टॉमकॅट चालू, बंद, रीस्टार्ट आणि स्थिती बघणं एवढ्याच आज्ञा त्यांना दिल्या. यावर नाराजी झाली. रात्री काही अडलं तर कोणाला उठवायचं, हा त्यांचा प्रश्न होता. सिनियर अ‍ॅडमिनने स्वतःचा नंबर दिला, तेव्हा कुठे मिटलं.

निष्पत्ती

दुसऱ्या पहाटेच्या फेरीत लॉगरोटेट न कुरकुरता पार पडलं. सहा आठवडे तुंबलेले मेसेजेस आणि सिक्युअर फिरले, दाबलेही गेले. डेव्हलपरांना लॉग वाचता येतात, लिहिता येत नाहीत, आणि त्यावर कोणाची तक्रार आलेली नाही. पुढच्या पॅचिंगच्या रीबूटला टॉमकॅट सरळ उठला. मधे एकदा सपोर्टने सवयीने सूडो लावून स्टार्टअप चालवायला घेतलं, तेव्हा सूडोनेच नकार दिला.

एक गोष्ट परत आली नाही. त्या सहा आठवड्यांतले सिस्टिमचे लॉग शाबूत आहेत, पण त्या काळात ते कोणालाही बदलता येत होते. कोणी बदलले असं दाखवणारं काही सापडलं नाही. कोणी बदलले नाहीत, असंही लेखी देता येईना. ऑडिटरला ही मुदत तशीच कळवली आणि त्याने ती अहवालात नोंदली.

वेगळं काय करता आलं असतं

पहिला फाटा त्या रात्रीच्या रीस्टार्टचा. पण सपोर्टच्या मुलाला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला दिलेल्या कागदावर स्टार्टअप.एसएच चाच मार्ग लिहिलेला होता, सिस्टिमडीचं युनिट नंतर आलं आणि कागद कोणी बदलला नाही.

दुसरा फाटा सकाळच्या "सीएचमॉड" चा, आणि मला हा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. एररमध्ये फाइलचं पूर्ण नाव होतं. काल चालणारी गोष्ट आज परवानगीवरून अडते, तेव्हा परवानगी आपोआप बदललेली नसते. मालक बदललेला असतो किंवा चालवणारा बदललेला असतो. "एलएस -एल" ने फाइलचा मालक आणि युनिटमधला युजर, एवढ्या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या असत्या तर मिनिटभरात कळलं असतं. काउंटर उघडायची घाई होती, हे मान्य. तरी घाईतच एका फाइलवर काम करणं हे अख्ख्या झाडावर "-आर" चालवण्यापेक्षा लवकर होतं. आणि घाईत ७७७ मारलंच, तर नोंदवहीत "सॉल्व्ह्ड" ऐवजी पूर्ण आज्ञा लिहायला हवी होती. सिनियर अ‍ॅडमिनने ती दुपारी वाचली असती आणि संध्याकाळपर्यंत उलटवली असती.

तिसरा फाटा कोणी घेतलाच नाही. लॉगरोटेट रोज हाक मारत होतं आणि ऐकणारं कोणी नव्हतं. कंपनीकडे डिस्क भरण्याचा अ‍ॅलर्ट होता, ९० टक्क्यांवर. तो आलाही होता. पण तो ज्या मेलबॉक्सवर जायचा, तो माणूस नोकरी सोडून गेलेला. आता पडलेल्या युनिटांची यादी रोज सकाळी सिनियर अ‍ॅडमिन आणि आम्ही, दोघांकडे जाते. यादी रिकामी असली तरी मेल जातो, म्हणजे मेल न येणं हीसुद्धा खबर ठरते.

डेटाबेस आणि लॉग एकाच पार्टिशनवर ठेवणं हा मूळ मांडणीतला दोष होता. /व्हार/लॉग वेगळं असतं तर लॉग भरून वाहिले असते, बिलं थांबली नसती. ते काम पुढच्या डाउनटाइमसाठी लिहून ठेवलंय. त्याच डाउनटाइममध्ये कॅटालिना.आउट सोडून जर्नलवर जायचं की नाही, हेही ठरायचं आहे. त्याआधी ते दोन रिपोर्ट कोण बदलून देणार, यावर वेंडरशी पत्रव्यवहार चालू आहे.

दरम्यान सगळ्या सर्व्हरांवर "सगळ्यांना लिहिता येतं पण स्टिकी बिट (दुसऱ्याच्या फाइली पुसू न देणारी खूण) नाही" अशा डिरेक्टरी शोधून पाहिल्या. टेस्ट सर्व्हरवर /ऑप्ट खाली एक निघाली. ती कोणी केली, हे त्याच डेव्हलपरने हसत हसत स्वतःच सांगितलं आणि बसल्या जागेवर ७५० करून दिली.